घरी सर्किट बोर्ड कापायला काय घ्यावे: हॅकसॉ, रोटरी टूल की अ‍ॅक्रिलिक कटर?

कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा पातळ थर असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डाचा, मोठा तुकडा घरच्या घरी हव्या त्या मापात कापायचा म्हटले, की बहुधा तीन पर्याय समोर येतात: हॅकसॉ, रोटरी टूल (छोटी डिस्क वेगाने फिरवणारे हातातले यंत्र) आणि अ‍ॅक्रिलिक कापण्यासाठी असतो तो आकड्यासारख्या टोकाचा कटर. तिन्ही मी वापरले आहेत आणि तिन्हींनी बोर्ड कापला जातो; फरक जाणवतो तो कापून झाल्यानंतर.

हॅकसॉबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. इंचाला 32 दातांचे पाते लावून बोर्ड दोन लाकडी पट्ट्यांमध्ये आवळला, तर तो थरथरत नाही. मात्र एफआर-4 मधील, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या बोर्डातील, काचतंतू पोलादी दात लवकर बोथट करतात आणि मग काप रेघ सोडू लागतो. फिनॉलिक कागदाच्या बोर्डावर तेच पाते बरेच दिवस टिकते.

रोटरी टूल मी मोठ्या हौसेने घेतले होते. डायमंड डिस्क 1.6 मिलिमीटर जाडीतून सहज जाते, आणि बोर्डाच्या मध्यभागी खाच किंवा चौकोनी खिडकी पाडायची असेल तर त्याला तोड नाही. माझे बिनसले ते धुळीवरून. पहिल्या दिवशी मास्क आणि चष्मा लावून चार तुकडे कापले, तेव्हा आपण पुरेशी काळजी घेतली आहे असेच वाटले. रात्री टेबललॅम्प तिरपा केला, तर मल्टिमीटरच्या काळ्या नॉबवर, सोल्डरच्या रिळावर आणि उघड्या राहिलेल्या रेझिस्टरच्या डब्यात पिठासारखा फिकट थर दिसला. हा लाकडाचा भुसा नव्हे, यात काचतंतूंचे बारीक तुकडे असतात. दुसऱ्या दिवशी मनगटावर, नेमकी घड्याळाच्या पट्ट्याखाली, जी खाज सुटली ती खाजवल्याने वाढतच गेली. कोरड्या फडक्याने ती धूळ पुन्हा उडते, म्हणून ओले घेतले, तर ते धुताना बोटांना टोचू लागले. धूळ हॅकसॉनेही होते, परंतु ती जाडसर असल्याने बरीचशी खाली अंथरलेल्या ओल्या कागदावरच पडते.

कटरचे काम सावकाशीचे आहे. पोलादी पट्टी क्लॅम्पने दाबून मी एका बाजूला दहा-बारा ओरखडे देतो. आधी तांब्याची बारीक कुरळी तार निघते, मग पिवळट पूड. ही पूडही त्रासदायकच, पण ती खाचेच्या आसपास राहते आणि एका ओल्या पुसण्यात जाते. गुण्याने (काटकोन मापायच्या साधनाने) रेघ मागच्या बाजूवर उतरवून तितकेच ओरखडे दिले आणि टेबलाच्या धारेवर दाब दिला, की बोर्ड कट्कन मोडतो. मागची रेघ जराशी सरकली तर कडेला पायरी येते, ती ओल्या वॉटर पेपरवर घासावी लागते. सेंटीमीटरपेक्षा अरुंद पट्टी मोडताना हाताला पकड मिळत नाही, हेही मान्य करायला हवे. रोज वीस-पंचवीस तुकडे लागत असतील, तर कदाचित आपला कौल निराळा पडेल. महिन्याला दोन-चार बोर्ड करणाऱ्याने मात्र, माझ्या मते, आधी कटर घेऊन पाहावा.

रोटरी टूल मी काढून टाकलेले नाही. खिडकी पाडायची असली की ते उघड्यावर नेतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि घड्याळ घरात काढून ठेवतो.