सॉइल मेकॅनिक्स शिकवायचंय: फळा, लॅब, साइट की बोअर लॉग?

नव्याने रुजू झालेले शिक्षक दरवर्षी जूनमध्ये विचारतात, सॉइल मेकॅनिक्स (सिव्हिल इंजिनिअरिंगमधला मातीच्या वर्तनाचा विषय) पहिल्यांदाच वाट्याला आलंय, वर्गात साठ-सत्तर मुलं आहेत, आठवड्याला तीन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल. जुनीच पद्धत चालू ठेवू की बदलू? मी ऐरोलीत राहते. काही वर्षं सॉइल इन्व्हेस्टिगेशनच्या कामावर काढली, आता शिकवते. दोन्हीकडून जे दिसलं त्यावरून सांगते.

आधी फळा आणि गणितं. ही पद्धत मोडीत काढा असं मी कधीच म्हणणार नाही. तेरझागीचा इफेक्टिव्ह स्ट्रेस (एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून मातीच्या कणांवर उरणारा दाब) हाताने, कागदावर, दहा वेळा काढल्याशिवाय अंगवळणी पडत नाही, आणि परीक्षेतही तेच येतं. कमी आहे ती वेगळीच. समजा उलव्याकडे सहा मीटर मरीन क्लेवर (समुद्री चिकणमातीवर) भराव टाकायचाय. कन्सॉलिडेशनचा (भाराखाली पाणी निघून माती दबण्याचा) गुणांक वर्षाला 1 चौरस मीटर धरू. 90 टक्के दबण्यासाठी टाइम फॅक्टर (सूत्रातला ठरलेला आकडा) 0.848. पाणी फक्त वरूनच निघत असेल तर निचऱ्याची वाट 6 मीटर, आणि वेळ वाटेच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे साडेतीस वर्षं. खालूनही निघत असेल तर वाट 3 मीटर, आणि काम साडेसात वर्षांच्या आसपास होतं. एवढा फरक ज्यावर अवलंबून आहे ते ‘डबल ड्रेनेज’ हे दोन शब्द पुस्तकातल्या गणितात आयते छापलेले असतात. साइटवर ते कोण छापून देणार? क्लेच्या खाली मुरूम लागलाय, तो खरंच पाणी सोडतो की कुजून त्याचीच चिकणमाती झालीय, हे ठरवावं लागतं. आमची मुलं सूत्रात आकडे अचूक घालतात, पण हा निर्णय त्यांनी आयुष्यात एकदाही घेतलेला नसतो.

लॅबची ताकद हातात आहे. ओली माती तळहाताखाली वळून 3 मिलिमीटरची दोरी करायची आणि ती कधी तुटते ते पाहायचं, हा अनुभव कुठलीही स्लाइड देत नाही. पण डब्यातली वाळवलेली, चाळलेली, वर्षानुवर्षं तीच माती वापरली की सगळं जर्नलपुरतं उरतं. एका कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. तीस जर्नलांमध्ये लिक्विड लिमिट (किती टक्के पाण्याला माती वाहू लागते तो आकडा) दशांशापर्यंत एकच! मुलांवर राग नाही आला, वाईट वाटलं. तेव्हापासून मुलांनाच माती आणायला लावते. कुणी पारसिक डोंगराच्या पायथ्याचा मुरूम आणतो, कुणी खाडीकाठचा काळा चिखल, कुणी बिल्डिंगच्या खोदकामातली पिवळी माती. खाडीच्या चिखलाची लिक्विड लिमिट एकदा ओल्या मातीवर काढा आणि एकदा ओव्हनमध्ये वाळवून. सेंद्रिय अंश असेल तर दुसरा आकडा चांगलाच खाली येतो. असं का झालं, हे मुलं आपणहून विचारतात.

साइट व्हिजिटबद्दल माझं मत जरा कडक आहे. साठ मुलं बसमधून मोठ्या प्रकल्पावर नेली की हेल्मेट घालून फोटो होतात आणि मातीकडे कुणी बघत नाही. त्यापेक्षा दहा-बारांचा गट एका साध्या बोअरिंग रिगजवळ अर्धा दिवस बसवा. माझ्या एका विद्यार्थिनीकडे मी एसपीटीचे (हॅमरने जमिनीत नळी ठोकून माती किती घट्ट ते पाहायच्या चाचणीचे) ठोके मोजायचं काम दिलं होतं. 63.5 किलोचा हॅमर, 75 सेंटिमीटरवरून सोडायचा, हे तिला पाठ होतं. पण क्लेमध्ये रॉड नुसत्या वजनाने खाली गेला, ठोका मारायची वेळच आली नाही. ती वही घेऊन तशीच उभी. “मॅडम, लिहू काय?” मी म्हटलं, जे झालं ते लिही. तिने एन (ठोक्यांचा आकडा) शून्य लिहिलं आणि पुढे, “रॉड स्वतःच्या वजनाने गेला.” नंतर नळी उघडली, आत शिंपल्यांचे तुकडे निघाले. खाडीची माती म्हणजे काय ते तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. रिग मिळाली नाही तर वाशी-नेरूळला पायी फिरवा: पाइलवरची (जमिनीत खोल गेलेल्या खांबांवरची) इमारत जागच्या जागी आणि भोवतीची फरशी खचलेली, अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही.

व्हर्च्युअल लॅब ट्रायएक्सियलसाठी (मातीची ताकद मोजायच्या टेस्टसाठी) उपयोगी आहे, कारण मशीन एकच असतं आणि टेस्टला वेळ लागतो. आदल्या दिवशी पाहून येण्यापुरती वापरा, टेस्टच्या ऐवजी नको. सॉफ्टवेअर शेवटच्या वर्षाला ठेवा.

आता बोअर लॉग, म्हणजे बोअर घेताना किती खोलीवर कोणता थर लागला याची नोंद. इम्पीरियल कॉलेजच्या जॉन बर्लंड यांनी 1987 मध्ये या विषयाच्या शिकवण्याबद्दल एक त्रिकोण मांडला: एका कोनात जमिनीचे थर, दुसऱ्यात मातीचं वर्तन, तिसऱ्यात गणिती मॉडेल आणि मधोमध अनुभव. आपल्या वर्गात तिसरा कोन भरपूर, दुसरा थोडा, पहिला जवळजवळ नाहीच. एकच खरा लॉग पूर्ण सत्रभर वापरला की हा पहिला कोन वर्गात येतो. ओळखीच्या कन्सल्टंटकडे मागा, मालकाचं नाव आणि पत्ता काढून बहुतेक जण देतात. वर्गीकरण त्यावर, स्ट्रेस त्यावर, सेटलमेंट (जमीन किती खचेल ते) त्यावर, शेवटी पाया उथळ की पाइल तेही त्यावर. याची किंमत तुमच्या वेळात मोजावी लागते. साठ मुलांची साठ वेगळी उत्तरं तपासायची, आणि बरोबर उत्तर एकच नसतं. पहिल्या वर्षी माझे दोन टॉपिक घाईत उरकावे लागले.

टर्म वर्कचे मार्क तुमच्या हातात असतील, तर मी बेलाशक लॉग घ्या म्हणेन आणि लॅबची माती बदला. पेपर विद्यापीठाचा आणि तुमच्याकडे फक्त लेक्चर असतील, तर फळाच ठेवा. मात्र प्रत्येक गणितातली एक माहिती पुसून टाका: कधी ड्रेनेज, कधी पाण्याची पातळी. ती काय धरली आणि का, हे दोन ओळींत लिहायला लावा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

ओरलला मी आता मुलांसमोर तोच लॉग ठेवते आणि एकच विचारते: अजून एकच बोअर घ्यायला पैसे आहेत, कुठे घेशील?