यूबीसॅन: नुसती नोंद की थेट ट्रॅप?

महाप्यात लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) बिल्ड करणारा मित्र इथेच अडलाय: यूबीसॅन, म्हणजे कोडमधल्या 'अनिश्चित वर्तना'च्या चुका तो चालू असताना पकडणारी तपासणी, तिने चूक नुसती नोंदवावी की ट्रॅप टाकून कोड तिथेच थांबवावा? साइजचा निकाल सोपा: नोंदीच्या मजकुराने कर्नल साधारण 5% फुगतो, ट्रॅपमध्ये तो मजकूरच नसतो.

खरा फरक चूक सापडल्यावर. नोंदवाला मोड डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) फाइल आणि ओळ दाखवतो, वर 'शिफ्ट एक्स्पोनंट 32 इज टू लार्ज' (बिट प्रमाणाबाहेर सरकवले) असं कारणही, आणि काम पुढे चालू. ट्रॅप मात्र लॉक (सामायिक डेटावरचं कुलूप) हातात असला तरी चालू कोड तिथेच तोडतो. चूक निरुपद्रवी असली तरी माफी नाही. अख्खी मशीन डळमळू शकते.

टेस्टिंगच्या बोर्डावर नोंदच ठेव, बाकी हौस कशाला! ग्राहकाकडे जाणाऱ्या, फ्लॅश तुटपुंजी आणि सुरक्षा आधी अशा डब्यात ट्रॅप, तोही फक्त अ‍ॅरेच्या बाउंड्स (हद्दी) तपासणीपुरता.