विमानाचं अंतर आणि वेळ काढणारं ॲप: निपाणीतनं बरेच महिने वापरल्यावर

दोन विमानतळ टाकले की मधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगणारं एक ॲप मी बरेच महिने वापरायलोय. घरात, पै-पाहुण्यांत कुणाचं तिकीट बघायचं असलं की काम माझ्याकडंच येतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अंतरावर डोळे झाकून विश्वास ठेवा, वेळेवर नको.

अंतर बरोबर येतंय कारण दोन्हीकडच्या अक्षांश-रेखांशावरनं पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची रेघ धरलेली असते. सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, ते मुंबई साधारण ४०४ किमी, सांबरा ते बेंगळूर ४४५ च्या आसपास. आकडा भलताच बारीक दिसला तर नॉटिकल मैल लागलेत का बघा, त्यातला १ म्हणजे १.८५२ किमी. आणि गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, कोड नीट बघून टाका.

वेळेचा मात्र घोळच आहे. ॲप सगळीकडं मोठ्या जेटचा, ताशी ८०० च्या घरातला वेग धरतंय आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळवतंय. पण छोट्या धावपट्ट्यांवर पंख्याचं छोटं एटीआर विमान असलं तर ते ताशी ५०० नं जाणार, म्हणजे बेंगळूरलाच २० मिनिटं जास्त. शिवाय मुंबईवर गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतंय, ते यात कुठनं येणार? वाऱ्याचंही तसंच, उंचावर वारं पश्चिमेकडनं पूर्वेला असतंय, विशेष करून थंडीत, त्यामुळं दुबईला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी, ॲप दोन्हीकडं एकच आकडा दाखवतंय.

तरी दुबईसाठी याचा खरा उपयोग झाला. आत्याला मुलाकडं पाठवायचं होतं, तिकिटावर दोन्हीकडची आपापली घड्याळं असतात, मुंबईतनं ४ ला सुटून ५:४५ ला उतरलं की बघणाऱ्याला वाटतंय पावणेदोन तासांत पोचलं, पण तिथलं घड्याळ दीड तास मागं, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. अंतर १९२५ किमीच्या आसपास. आत्याच्या गोळ्यांच्या वेळा मी त्यावरनंच लिहून दिल्या, आत्या निर्धास्त गेली.

आमच्या सीमाभागातल्यांनी अजून एक बघावं, घरापासनं विमानतळापर्यंतचा रस्ता यात धरलेला नसतोय. निपाणीला कोल्हापूर सांबऱ्यापेक्षा जवळ, मुंबईही तिथनं ३१० किमीच्या आत. बेळगावकरांना मोपा सांबऱ्यापासनं सरळ रेघेत ८२ किमीच दिसंल, पण मधे आंबोली नाहीतर चोर्ला घाट आहे, पावसाळ्यात गाडीवाल्याला विचारूनच निघा.

विमानाचा प्रकार निवडायची सोय दिली तर मी पैसे भरून पण घेईन, आत्ता फुकटातलं पुरतंय.