५५ हजारांत असेंबल केलेला गेमिंग पीसी: वर्षभराच्या वापरानंतर

२०२४ च्या दिवाळीच्या आसपास घेतलेला पीसी, वर्ष उलटून गेलं, रोज चालू आहे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघून झालाय, तेव्हा आता अनुभव लिहायला हरकत नाही. तयार पीसी घ्यावा की पार्ट घेऊन असेंबल करावा हा प्रश्न मला ओळखीतली पोरं सारखी विचारतात. माझं मत पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो: बजेट ५०-६० हजार असेल तर असेंबलच करा, आणि तयारच घ्यायचा असेल तर ज्या दुकानाच्या बिलावर प्रत्येक पार्टचं कंपनी आणि मॉडेलसकट नाव येतं तिथूनच घ्या.

कॉन्फिग असं आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर साधारण ११ हजार, बी५५० मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो, सगळे पार्ट यावर बसतात) ८ हजार, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्पीडच्या रॅम मिळून ३२०० रुपये, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी ५२००, आरएक्स ६६०० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड साडेवीस हजार, ५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) ३८०० आणि जाळीच्या पुढच्या बाजूचं कॅबिनेट ३ हजार, म्हणजे सगळं ५५ च्या आत बसलं. मॉनिटर वेगळा, २४ इंची १०८०पी १४४ हर्ट्झ, १० हजारांच्या आसपास. आम्ही जळगावात राहतो, काही पार्ट ऑनलाइन मागवले, आणि बोर्ड, एसएमपीएस, कार्ड मात्र मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घेतले कारण तिथे चार दुकानं शेजारी शेजारी आहेत, एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला की हजार-पाचशे तिथल्या तिथे सुटतात.

आधी आम्ही तयार पीसीच बघत होतो, पप्पांचं म्हणणं होतं की एक दुकान, एक बिल, काही झालं तर एकालाच पकडायचं. तेही चूक नाही. पण जे कोटेशन हातात आलं ते असं होतं: "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट". बस, एवढंच. आता आय७ म्हणजे कुठल्या जनरेशनचा? आय७-२६०० हा पण आय७ च आहे, २०११ सालचा, ४ कोर ८ थ्रेडचा, आणि २०२२ चा आय३-१२१००एफ पण ४ कोर ८ थ्रेडचाच, पण गेममध्ये तो त्या जुन्या आय७ ला कुठल्या कुठे मागे टाकतो. ४ जीबी ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३० पण असू शकतं आणि १०५० टीआय पण, दोघांत जमीन अस्मानाचा फरक. मी विचारलं की दादा, बोर्ड कोणता आहे, तर उत्तर आलं, "अरे गेम पळतो ना मग झालं, बोर्ड बघून काय करणार." एच६१ निघाला. त्यावर सेकंड आणि थर्ड जनरेशनचेच प्रोसेसर बसतात, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम आणि सिक्युअर बूट (दोन्ही पीसीच्या सुरक्षेच्या सोयी) नसेल तर उघडतच नाही. म्हणजे माझ्या भावाने ज्या गेमसाठी हट्ट धरला होता नेमका तोच गेम विंडोज ११ वर चालला नसता, आणि हे त्या कोटेशनवरून कोणालाच कळलं नसतं.

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते एसएमपीएसबद्दल. तयार पीसीत पैसे वाचवायची पहिली जागा तीच, कारण गिऱ्हाईक ते कधी बघत नाही. त्याच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर +१२व्ही असं लिहिलेल्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात, ते १२ ने गुणायचे, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघं मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. चांगल्या ५०० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४० अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४८० वॅट. मी एका दुकानात तयार पीसीचं कॅबिनेट उघडायला लावून बघितलं तर बाहेर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट! आरएक्स ६६०० एकटंच १३२ वॅटचं कार्ड आहे, त्यावर प्रोसेसर ७०-७५ वॅट धरा, संपलं की. असा डबा एकतर गेम ऐन रंगात असताना पीसी बंद करतो नाहीतर स्वतः जाताना बोर्ड घेऊन जातो. आमच्याकडे व्होल्टेज आणि लाइट दोन्हीचा भरवसा नाही, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका, कॅबिनेट साधं घ्या, लाइटिंग नको, पण हे नीट घ्या.

असेंबल करणं अवघड नाही. व्हिडिओ बघत बघत भावाने आणि मी घरीच केलं, एक दुपार गेली. वेळ खाणारं काम म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या पॉवर बटणाच्या त्या बारक्या पिना, बोर्डाच्या पुस्तिकेतला नकाशा समोर ठेवूनच लावा. जोडून झाल्यावर तीन गोष्टी सेट करायच्या असतात, आणि कित्येक तयार पीसींमध्ये त्या केलेल्याच नसतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडला चालवायचं सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही रॅम एकाच वेळी कामाला लागतात. आणि विंडोजमध्ये जाऊन मॉनिटर १४४ हर्ट्झवर टाकायचा, तो आपोआप ६० वर राहू शकतो. भावाच्या मित्राचा तयार पीसी मी उघडून बघितला, १६ जीबी रॅमची एकच काडी होती, दुसरी खाच रिकामी, अशाने रायझनवर बऱ्याच गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) सरळ पडतात.

परफॉर्मन्सबद्दल तक्रार नाही. व्हॅलोरंट २०० एफपीएसच्या वरच असतं, जीटीए ५ हाय सेटिंगवर आरामात १०० च्या वर, रेड डेड २ हाय-मिडियम मिसळून ७० च्या आसपास, सायबरपंक हायवर ६० च्या आसपास, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं सेटिंग) विसरा. एल्डन रिंग मुळातच ६० ला लॉक आहे. नवीन गेममध्ये कार्डाची ८ जीबी मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरते, तेव्हा गेममधलं टेक्सचरचं सेटिंग एक पायरी खाली आणलं की अडखळणं थांबतं, १०८०पी वर फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही.

उन्हाळा मात्र परीक्षा बघतो. मे महिन्यात बाहेर ४४-४५, खोलीत कूलर लावूनही गरमच, प्रोसेसरबरोबर आलेल्या छोट्या पंख्यावर ५६०० गेममध्ये ८५ अंशांच्या पुढे जायला लागला, त्याची मर्यादा ९० आहे. मग २ हजारांचा टॉवर कूलर बसवला, ७० च्या घरात आला. कार्डाला काही करावं लागलं नाही, फक्त एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज थोडं उतरवलं आणि एफपीएस १४१ ला बांधून टाकले, त्याने पंख्यांचा आवाज पण कमी झाला. एअर कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, ओलावा आणि धूळ मिळून आत चिकट थर बसतो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो.

लाइटचं म्हणाल तर छोटा ६०० व्हीएचा यूपीएस असतो ना, तो साधारण ३६० वॅटचा, आमचा पीसी मॉनिटर धरून गेममध्ये २५०-२७० घेतो, त्यामुळे चालतो पण मिनिटं मोजकीच मिळतात. गेम सेव्ह करून बंद करायला पुरतात. जमलं तर १ केव्हीएचा घ्या.

आणि बिघाड. या वर्षात एक मोठा झाला. एके सकाळी बटण दाबलं तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात त्यातला डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा पेटलेला. दोन्ही काड्या काढल्या, सोन्याचे दात खोडरबरने हलके पुसले, एकेक करून लावल्या. एकीवर चालू होतो, दुसरीवर पिवळा दिवा. खाच बदलून बघितली, तेच. म्हणजे काडी गेली हे घरबसल्या कळलं. बिल होतं, सिरियल नंबर जुळला, कुरिअरने सर्व्हिस सेंटरला पाठवली, बदलून आली पण बरेच दिवस लावले, आणि मधे त्यांच्या फोनवर कोणी धड उत्तर देत नव्हतं, त्याचा मनस्ताप झाला. पण तोपर्यंत पीसी ८ जीबीवर चालू होता, माझं ऑफिसचं काम अडलं नाही. त्याच सुमारास भावाच्या मित्राचा तयार पीसी बिघडला, त्याच्यावर दुकानाचं स्टिकर, फाडलं तर वॉरंटी गेली, म्हणून अख्खं कॅबिनेट बसमध्ये मांडीवर घेऊन पोरगा दुसऱ्या शहरात गेला आणि तिथेच ठेवून आला. तयार पीसीला दुकानाची वॉरंटी बहुतेक एकच वर्षाची असते, सुटे पार्ट घेतले तर प्रोसेसरला ३, कार्डाला बहुतेक ३, चांगल्या एसएसडीला ५ वर्षं कंपनीची असते. फक्त प्रोसेसर डब्यातलाच घ्या, ट्रे वाला (डब्याशिवाय सुटा) स्वस्त पडतो पण त्याला ही वॉरंटी नसते. आणि "बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील" असं कोणी म्हणालं तर सरळ पुढच्या दुकानात जा.

सेकंडहँड कार्डाचं कोणी सुचवलं तर सांभाळून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. आरएक्स ५८० म्हणून विकतात त्यातली बरीच २०४८एसपी असतात, म्हणजे आत २०४८ स्ट्रीम प्रोसेसर, खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात, जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून आकडा बघा.

लॅपटॉपचा विचार फक्त हॉस्टेलवाल्यांनी करावा, या बजेटमध्ये २०२५ मध्ये बहुतेक ४ जीबीचं आरटीएक्स २०५० किंवा ३०५० कार्ड मिळायचं आणि ते पुढे बदलता येत नाही.

२०२५ च्या शेवटी मात्र गणित थोडं फिरलं, एआय डेटासेंटरवाले मेमरी उचलायला लागले म्हणून रॅमचे भाव भडकले, माझ्या ३२०० रुपयांच्या रॅमच्या जोडीला दुपटीहून जास्त मागायला लागले. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची टंचाई होती तेव्हा पण असंच झालेलं, सुटं कार्ड मिळेना आणि ज्याच्याकडे जुना स्टॉक त्याचा तयार पीसी स्वस्त पडायचा. तेव्हा भाव असे भडकलेले असताना घेणाऱ्याने तयार पीसीचं कोटेशन पण मागवावं, पार्टवार, मॉडेलसकट. दुसरा मार्ग भावाच्या एका मित्राने काढला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे ऑफिसं इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचे डेस्कटॉप काढून टाकायला लागली, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये डीडीआर४ असते. त्याने अशा दोन मशीनमधून ८-८ च्या दोन सारख्या काड्या मिळवल्या, २४०० स्पीडच्या आहेत, थोडे एफपीएस जातील पण बी५५० वर व्यवस्थित चालतायत, आणि रॅमचे वाचलेले पैसे त्याने एसएमपीएसमध्ये घातले. घेताना काडीवरचं लेबल वाचा, काही सहाव्या जनरेशनच्या मशीनमध्ये डीडीआर३ पण असते आणि लॅपटॉपची आखूड काडी डेस्कटॉपला बसत नाही.