चुंबक चिकटत नाही, म्हणजे टायटॅनियम!

आधी कबुली देते. मला कुणी बळजबरीने काही गळ्यात मारलं नाही. सायकल हलकी करायची हाव माझीच होती, समोरच्याने फक्त तिला वारा घातला.

माझी फोल्डिंग सायकल वीस इंची चाकांची, आठ गिअरची, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची. तीन वर्षं रोज वापरलेली. तक्रारी तीनच होत्या: पंक्चर फार व्हायचं, चढावर सगळ्यात हलक्या गिअरलाही धाप लागायची आणि घडी करून जिने चढताना खांदा भरून यायचा. यांतली शेवटची तक्रार मी पहिल्यांदा बोलून दाखवली, तिथेच पाय घसरला.

ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ जुन्या फोल्डिंग सायकली विकत घेऊन, नीट करून विकतात, आणि ‘अपग्रेड’ही करून देतात. बोलणं गोड, हात सफाईदार. हातसफाईही तितकीच, हे नंतर कळलं.

“ताई, आधी सीटपोस्ट बदला. अख्खा टायटॅनियम,” असं म्हणत त्यांनी सीटखाली बसणारा एक करडा, मॅट दांडा माझ्या हातात दिला. मग खिशातून छोटंसं चुंबक काढून त्यावर टेकवलं. ते घसरून खाली पडलं. “बघा. लोखंड असतं तर सोडलं असतं का?” मी मान डोलावली. अ‍ॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, हे शाळेत शिकलेलं तेव्हा कुठे गेलं होतं देव जाणे. माझा जुना दांडाही अ‍ॅल्युमिनियमचाच. त्यावर टेकवलं असतं तरी चुंबक तसंच पडलं असतं. पण ते त्यांनी टेकवलं नाही, आणि मीही टेकवा म्हटलं नाही.

मग चाकं. माझं पुढचं चाक उचलून त्यांनी फिरवलं, थोड्या वेळात थांबलं. मग ‘सिरॅमिक बेअरिंग’वालं चाक फिरवलं. आमचं बोलणं संपलं तरी ते फिरतच होतं. याचं गुपित आता मला ठाऊक आहे. बेअरिंगमधल्या गोळ्या झाकणाऱ्या रबरी सीलमुळे आणि जाड ग्रीसमुळे अधांतरी फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा होतो. सील काढा, ग्रीस पुसून पातळ तेलाचे दोन थेंब सोडा, कुठलंही चाक भिंगरीसारखं फिरेल. सायकलवर माणूस बसला की त्या फरकाला काही अर्थ उरत नाही. आपली ताकद खातात ते टायर आणि वारा. पण डोळ्यांसमोर गरगर फिरणारं चाक दिसत असताना एवढं सुचतं कुणाला?

तिसरा खेळ सगळ्यात साधा, आणि मला तोच सर्वांत जास्त लागला. काम सुरू करायच्या आधी त्यांनी मला सायकल उचलायला लावली: “वजन लक्षात ठेवा हं.” संध्याकाळी पुन्हा उचलायला लावली. सायकल खरंच हलकी लागली! मी इतकी हरखले की त्यांनी स्टँड, दोन्ही मडगार्ड आणि सीटखालची कुलूप-पान्यांची पिशवी काढून एका खोक्यात घातली आहेत, याकडे माझं लक्षच गेलं नाही. खोकं त्यांनी निघताना दिलं. “हे नंतर बसवा, सध्या हलकेपणाचा आनंद घ्या.” हे वाक्य मी घरी येऊन कौतुकाने सांगितलंसुद्धा.

जुने भाग मागितले तर म्हणाले, “भंगार आहे ताई, कुठे घरात अडगळ करता?” बिलावर एकच ओळ: ‘सुटे भाग व मजुरी’. टायटॅनियम नाही, सिरॅमिक नाही, मापं नाहीत.

पहिल्या आठवड्यात सीट खाली सरकायला लागली. सकाळी निघताना ठीक, पोहोचेपर्यंत गुडघे वर आलेले. क्लॅम्प आवळला, पुन्हा तेच. शेवटी दांडा उपसून काढला, तर त्याच्याबरोबर पत्र्याची एक गुंडाळी बाहेर आली. उलगडून पाहिली: रंगाच्या डब्याचा पत्रा, आतल्या बाजूला अर्धवट छापील अक्षरं, चार-पाच वेढे घातलेले. व्यास मोजायला व्हर्नियर लावला तेव्हा उलगडा झाला. माझ्या फ्रेमला ३३.९ मिलिमीटरचा दांडा लागतो, वीस इंची फोल्डिंग सायकलींत हे माप बरंच आढळतं. बसवला होता ३१.६ चा. मधली फट पत्र्याने भरलेली. अशी फट भरायला नेमक्या मापाची अखंड बाही मिळते, तिला शिम म्हणतात. तिचं काम डब्याच्या पत्र्याचं नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे लांबी. जुना दांडा ५८ सेंटिमीटरचा होता, हा ५०. माझ्या उंचीला सीट ठेवली की ‘निदान इथपर्यंत आत हवा’ अशी जी रेघ दांड्यावर कोरलेली असते, ती क्लॅम्पच्या दोन बोटं वर दिसत होती. फोल्डिंग सायकलचा दांडा मुळातच खूप बाहेर असतो, सगळा भार तरफेसारखा फ्रेमच्या तोंडावर येतो. ती रेघ बाहेर ठेवून चालवलं तर दांडा वाकतो नाहीतर फ्रेमचं तोंड चिरतं. मी तशी आठवडाभर रहदारीतून फिरले होते. पैशांचं दुःख एकवेळ पचेल, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मग टायटॅनियमचा निकाल लावायचं ठरवलं. याला प्रयोगशाळा लागत नाही. दांड्याचे वरचे बोल्ट आणि पट्ट्या काढल्या, नुसती नळी दोरीने वजनकाट्याच्या हुकाला टांगली: ४०५ ग्रॅम. मग पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून, आत हवा अडकू न देता, तशीच टांगती मोजली: २५५ ग्रॅम. घट १५० ग्रॅम, म्हणजे आकारमान १५० घन सेंटिमीटर. ४०५ ला १५० ने भागा, २.७. अ‍ॅल्युमिनियमची घनता बरोबर एवढीच. टायटॅनियमची साधारण ४.५, तेवढ्याच वजनाचा टायटॅनियमचा दांडा पाण्यात ३१५ च्या आसपास भरला असता. मी तीनदा मोजलं. उगाच, एखाद्या वेळी तरी उत्तर बदलेल म्हणून.

काटा हातात होताच, म्हणून स्टँड, मडगार्ड, पिशवी सगळं परत बसवलं आणि पिशवी रिकामी करून अख्खी सायकल टांगली: १२.२ किलो. सायकलच्या पुस्तिकेत १२.३ लिहिलंय. एवढा सगळा खटाटोप शंभर ग्रॅमसाठी. पाण्याची बाटली अर्धी भरून नेली असती तरी याहून जास्त वजन कमी झालं असतं.

दोन पावसांत चाकं बोलायला लागली, आधी कुरकुर, मग चक्क खरखर. चाकाच्या मधला हब उघडला तर आत सील नाहीच, गोळ्यांवर तांबूस गंज. सिरॅमिक गंजत नाही. या वेळी मी माझं चुंबक नेलं. सगळ्या गोळ्या टपाटप येऊन चिकटल्या. दांड्याच्या बाबतीत ज्याने मला फसवलं, त्यानेच इथे साक्ष दिली.

तिसरं चुंबक मात्र गायब होतं. माझ्या सायकलची घडी बंद राहावी म्हणून पुढच्या-मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलवर चुंबकाच्या पट्ट्या असतात. दोन्ही चाकं शेजारी आली की ‘टक्’ करून धरतात. नव्या चाकांच्या अ‍ॅक्सलची लांबी कमी, पट्टी बसवायला आटेच उरले नव्हते, म्हणून त्या काढूनच टाकल्या होत्या. त्यामुळे जिन्यात घडी आपोआप उलगडायची आणि हँडल पोटरीवर आदळायचं. हलकेपणाचा आनंद!

आता माझ्या खऱ्या तक्रारींचं. त्या नंतर दुसरीकडे सुटल्या, आणि त्यात दिखाऊ असं काहीच नाही. टायरच्या बाजूला ४०-४०६ असं लिहिलेलं असतं: रुंदी ४० मिलिमीटर आणि रिमवर टायर बसतो तिथला व्यास ४०६. ‘वीस इंची’ एवढ्यावर कधी टायर घेऊ नका, कारण ४५१ चाही टायर वीस इंचीच म्हणवतो आणि तो ४०६ च्या रिमवर बसत नाही. मी आत संरक्षक पट्टा असलेले टायर घातले. थोडे जड आहेत; पंक्चर मात्र जवळपास विसरले. ब्रेकची झिजलेली रबरं बदलली. लहान चाकाचा रिम तेवढ्याच अंतरात जास्त फेरे खातो, त्यामुळे तो लवकर झिजतो. हे काम खरं तर सगळ्यांत आधी व्हायला हवं होतं.

आणि चढ. पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, ५२ दातांची होती, मागची सर्वांत मोठी चकती २८ ची. त्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.८ मीटर जायची. चेनरिंग ४४ ची केली, चेन थोडी कापली, आता २.४ मीटर. उतारावर पाय लवकर रिकामे फिरायला लागतात खरे, पण उतारावर मला पेडल मारायची कुठे घाई आहे? एवढंच बघा की चेनरिंग बोल्टने जोडलेली आहे की क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीला, रिव्हेट केलेली. रिव्हेट असेल तर क्रँकसकट बदलावी लागते.

चाकांचं शेवटी अवचित जमलं. त्याच गृहस्थांनी विकायला काढलेल्या एका सायकलचा फोटो मला कुणीतरी पाठवला, ‘चाकं नव्यासारखी’ असं वर्णन. मोठा करून पाहिला. वॉल्व्हच्या भोकाजवळ लाल ठिपका. अंधारात वॉल्व्ह पटकन सापडावा म्हणून माझ्या दोन्ही रिमवर मीच लावलेलं नेलपॉलिश! भंगार म्हणून ठेवून घेतलेली चाकं ती हीच.

गेले. आधी ते म्हणाले, “ताई, नेलपॉलिश काय कुणीही लावतं.” मी पिशवीतून गंजलेल्या गोळ्या, पत्र्याची गुंडाळी आणि दांडा काढून टेबलावर ठेवला. तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. आवाज न चढवता विचारलं की हा पत्रा कुठल्या टायटॅनियमचा. पाच मिनिटांत माझी चाकं, चुंबकाच्या पट्ट्यांसकट, समोर आली. जुना दांडा विकला गेला होता, ३३.९ चा, पूर्ण लांबीचा साधा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा त्यांनी बदलून दिला. या वेळी मी माप स्वतः घेतलं आणि बिलावर धातू, व्यास, लांबी लिहून घेतली. पैसे काही परत मिळाले नाहीत. ‘मजुरी झाली ना ताई.’

चाकं बसवून घडी घातली. ‘टक्’. मी सायकल उचलायला वाकले, तर ते फ्रेमच्या मधल्या बिजागरीकडे बोट दाखवून म्हणाले, “ताई, एवढा एक बोल्ट बदलून टाका. टायटॅनियमचा आहे माझ्याकडे.” आणि खिशात हात घातला.