लॅबव्ह्यूचा अजस्र डायग्राम: नकाशा की हॅशटॅग?

भोसरीतल्या एका टेस्ट बेंचचा, म्हणजे चाचणी यंत्रणेचा, लॅबव्ह्यू प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. लॅबव्ह्यूत प्रोग्रॅम ओळींऐवजी चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींच्या चित्रातून लिहितात; तोच ब्लॉक डायग्राम. आडवा पाच स्क्रीन, उभा तीन. स्क्रोलबार ओढता ओढता कुठली वायर धरली होती तेच विसरायला व्हायचं.

पहिला उपाय नॅव्हिगेशन विंडो. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं की अख्खा डायग्राम काडेपेटीएवढा दिसतो. हवं तिथे क्लिक करा, मुख्य खिडकी तिकडे सरकते. दुसऱ्याचं काम पहिल्यांदा उघडताना हाच बरा. एखादा लूप भलताच रुंद पसरलाय, हे लगेच कळतं. पण त्या चित्रात अक्षरं वाचता येत नाहीत आणि लॅपटॉपवर ती खिडकी नेमकी कामाच्या जागी येऊन बसते.

दुसरा उपाय २०१३च्या आवृत्तीपासून आहे: बुकमार्क. डायग्रामवर मोकळी टिप्पणी लिहून तिच्यात हॅशटॅग टाकायचा. मी ‘#गळतीचाचणी’ वगैरे न करता साधं ‘#leak’ ठेवतो, म्हणजे चेन्नईच्या टीमलाही कळतं. व्ह्यू मेन्यूतल्या बुकमार्क मॅनेजरमध्ये त्यावर डबल-क्लिक केलं की थेट त्या जागी. खुणा फाईलमध्येच सेव्ह होतात, त्यामुळे पुढच्या शिफ्टवाल्याला फोन करावा लागत नाही. अट एकच: कुणीतरी आधी कष्ट करून त्या लिहायला हव्यात!

रोजच्या डायग्रामला मी बुकमार्कच वापरतो. नकाशा फक्त पहिल्या दिवशी. आणि सलग पाच स्क्रीन भरत असतील, तर आधी त्यातल्या तुकड्यांचे सबव्हीआय, म्हणजे वेगळे छोटे प्रोग्रॅम, करा हो.