माँमार्त्रमधलं 'फुकट' चित्र

पॅरिसला निघाला असाल आणि यादीत माँमार्त्रची टेकडी असेल, तर हे वाचून जा. तिथल्या पाकीटमारांबद्दल सगळेच बजावतात. आम्हाला गंडवलं ते चित्रकाराने. चित्रकार म्हणायचं ते केवळ त्याच्या हातात फळी आणि कोळसा होता म्हणून.

सकाळी आई आणि मी ऑर्से संग्रहालयात होतो. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्टेशन, १९८६ साली त्याचं संग्रहालय झालं. तिथे चित्रकार रेन्वारचं १८७६ चं, 'मूलँ द ला गालेत' या पवनचक्कीपाशी चाललेल्या नाचाचं चित्र आहे. नाचणाऱ्यांच्या कपड्यांवर झाडांतून पडलेले उन्हाचे कवडसे बघत आई हललीच नाही. ती पवनचक्की अजून माँमार्त्रला उभी आहे म्हटल्यावर दुपारी तिकडे जाणं आलंच. संग्रहालयाजवळच्या सोल्फेरिनो स्टेशनहून मेट्रोची १२ नंबरची लाइन थेट माँमार्त्रच्या आबेस स्टेशनला सोडते.

वरच्या प्लास द्यु तेर्त्र चौकाच्या अलीकडच्या गल्लीत एक जण आडवा आला. "नमस्ते! इंडिया?" आईकडे बघून म्हणाला, चेहरा फार छान आहे, माझी परीक्षा आहे, सरावासाठी काढतो, पैसे नकोत. आम्ही हो-नाही म्हणायच्या आत कोळसा कागदावर फिरायला लागला. "कलाकार माणूस आहे गं, थांबू दोन मिनिटं," आई म्हणाली. सकाळभर चित्रांपुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला दुपारी चित्रकाराला झिडकारणं जमत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

चित्रात टपोऱ्या डोळ्यांची विशीतली कुणीतरी पोरगी होती. आईचा चष्मा गायब. टिकली तेवढी होती, तीही कपाळाच्या मध्यावर सरकलेली. आणि किंमत? ऐंशी युरो! "फुकट म्हणाला होतास ना रे?" आईने सरळ मराठीतच विचारलं. तो म्हणे, फुकट म्हणजे मेहनत, कागदाचे पैसे वेगळे. तेवढ्यात त्याचा जोडीदार आमच्या वाटेत येऊन उभा राहिला. आवाज चढले, लोक बघायला लागले, आणि शेवटी चाळीस युरोंवर सुटका झाली. पोटभर जेवण झालं असतं दोघींचं.

चौकात बसणाऱ्या चित्रकारांना पॅरिस महापालिकेचा परवाना असतो. त्यांची जागा ठरलेली, समोर चित्र टेकवायची घोडी, बाजूला नमुने मांडलेले. चित्र काढून घ्यायचंच असेल तर त्यांच्याकडे जा, आणि बसण्याआधी आकडा वदवून घ्या. फळी घेऊन तुमच्याबरोबर चालायला लागतो, तो त्यातला नव्हे. "नाँ, मेर्सी" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. त्याने रेघोट्या ओढल्याच, तर कागद हातात घेऊ नका. एकदा घेतलात की तो परत घेतच नाही. जोडीदार आडवा आलाच तर जवळच्या कॅफेत शिरा.

साक्रे-कर चर्चच्या पुढच्या पायऱ्यांखाली दोरेवाले उभे असतात. मैत्रीचा म्हणून मनगटाला दोरा बांधतात आणि मग पैसे मागतात. तिथे हात खिशात ठेवा. नाहीतर पश्चिम बाजूच्या रू लेपिक या रस्त्याने चढा, त्या पायऱ्या लागतच नाहीत. चढ मात्र चांगलाच दमवतो.